नवलाईतला बस्ता

जळगाव, ११ नोव्हेंबर २०२४

ललित,

आशीर्वाद आहेतच, ते काही मी बंद केलेले नाहीत. फोन तू उचलत नाहीस. मोबाइलवर लिहिलं तर दोन निळ्या रेघा येतात, म्हणजे वाचलंस, आणि पुढे सगळं शांत. म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड.

पुनमचं लग्न ठरल्याचं मला कोणी सांगितलं माहीत आहे? इसाकभाईने. सकाळी शटर उघडता उघडता म्हणाला, "अक्का, मुबारक हो. ललितभाऊंच्या पोरीचं दोंडाईच्याला जमलं म्हणे." मी लगेच म्हणाले, "हो तर, कालच फोन आला होता." सख्ख्या भाचीचं लग्न नोकरमाणसाकडून कळावं आणि वर आपणच खोटं बोलावं, ही पाळी तू माझ्यावर आणलीस. निदान पेढे पाठवायचे. तुझ्या त्या धुळ्याच्या गोडाउनातून अख्ख्या खानदेशात खोकी जातात, एखादं इथे टॉवर चौकातल्या दुकानापर्यंत आलं असतं तर काही बिघडलं नसतं.

असो. मुलगा चांगला आहे असं ऐकते. लोक व्यापारी आहेत, तेही बरं.

दुकान छान चाललं आहे. दिवाळीत तर पाय ठेवायला जागा नव्हती. इसाकभाई साडीच्या मजल्यावर अजून तसाच ताठ उभा राहतो, शर्टाची घडी मोडू देत नाही. परवा मी सरकता जिना पुसून घेतला आणि तुझी आठवण आली. नानांनी तो बसवला त्या दिवाळीत शिरपूर-दोंडाईच्याहून लोक एसटीने आले होते, डबे बांधून. घ्यायचं काही नाही, नुसतं जिन्यावर चढायचं. बायका चपला हातात घ्यायच्या. नाना खाली उभे राहून एकेकीचा हात धरून पहिल्या पायरीवर चढवायचे, आणि एक म्हातारी तर पायरीला नमस्कार करून चढली. तू खाणं-पिणं विसरून दिवसभर वर-खाली करत होतास. खानदेशात दुसरा सरकता जिना नव्हता तेव्हा, आणि एका छपराखाली सुई-दोऱ्यापासून फ्रिजपर्यंत सगळं देणारं दुकानही दुसरं नव्हतं.

मागायचं एकच आहे. पुनमचा बस्ता आपल्या नवलाईतून घे.

तुला समजावून सांगायला नको, तरी सांगते. लग्नाचा बस्ता हीच आपल्या दुकानाची खरी कमाई होती, पैशाची आणि नावाचीही. दोन्हीकडची माणसं एकत्र गादीवर बसणार, आधी देवीची साडी, मग नवरीचा शालू, मग मानपानाचं, रुसवेफुगवे, मधे आपलं भरीत-पुरीचं जेवण, आणि संध्याकाळी सगळं एका कापडात बांधून वर कुंकू. ज्या घराचा बस्ता आपल्याकडे झाला ते घर पुढे तीस वर्षं आपलं. आता नानांच्या, मोतीलालशेठच्या, नातीचाच बस्ता दुसरीकडून गेला, तर बाजारात काय बोलतील? घरच्यांनीच पाठ फिरवली म्हटल्यावर परका कशाला येईल?

उत्तर पाठव. नाहीतर पुनमला फोन करायला सांग. दिपमालाला आशीर्वाद. तुझ्या बायकोशी माझं काही भांडण नाही, तिला माहीत आहे.

अक्का


जळगाव, २५ नोव्हेंबर

ललित,

पुनमचा फोन आला. बिचारी फार गोड बोलली. "आत्या, मला तर तुमच्याकडेच यायचंय, पण त्यांच्याकडे सगळ्यांचे बस्ते सुरतला होतात. बाबा म्हणतात, आपण मुलीकडचे, आपण कुठे अडून बसायचं?"

सुरत! सगळ्यांना आता सुरतच लागते. पहाटे गाडी करायची, मार्केटात दिवसभर धक्के खायचे, आणि रात्री परत येऊन सांगायचं की स्वस्त पडलं. गाडीचं भाडं, खाणं-पिणं कोणी धरत नाही. पण हे मी तुला का सांगते आहे? तू कधी गिऱ्हाइकाशी वाद घातला नाहीस, तो माझा स्वभाव.

ललित, गेले आठ-दहा दिवस मला धड झोप नाही. बाजारातून जाताना वाटतं, प्रत्येक जण तेच विचारणार. काल सराफाकडच्या बाईंनी विचारलंच, "भाचीचा बस्ता कधी?" मी म्हणाले, "मुहूर्त बघतोय." आता मुहूर्ताच्या नावावर किती दिवस ढकलायचं?

मागच्या पत्रात मी एक गोष्ट जरा फुगवून लिहिली. दिवाळीत पाय ठेवायला जागा नव्हती, हे खरं. पण ती समोरच्या फटाक्यांच्या स्टॉलला. आपल्याकडे लोक येत होते, बसत होते, साड्या उघडून बघत होते, मोबाइलवर फोटो काढत होते, आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जात होते. फोटो घरी दाखवून तसलंच ऑनलाइन मागवतात, आणि ते तुझ्या गोडाउनातून दोन दिवसांत त्यांच्या दारात. तुझी पिशव्या पोचवणारी पोरं आपल्याच दुकानासमोर मोटरसायकली लावून उभी असतात, सावली आहे म्हणून. मी त्यांना पाणी देते. त्यांचा काय दोष?

आणखी एक. तिसरा मजला बंद आहे. भांडी आणि फर्निचर होतं तो. दुसराही बंदच म्हण, फक्त दिवे लावते, रस्त्यावरून उजेड दिसावा म्हणून. सरकता जिना मी पुसते, पण चालत नाही. आता इसाकभाई, मी, आणि खाली होजिअरीला एक मुलगी, बस.

मॉलच्या कंपनीने इमारत मागितली तेव्हा तू म्हणत होतास की देऊन टाकू, आणि मी नाही म्हणाले, त्याला आठ वर्षं होऊन गेली. तू धुळ्याला निघून गेलास. ते मी आज काढत नाही. मी नाही म्हणाले कारण नाना हयात होते आणि खाली गल्ल्यावर बसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावाची पाटी लावायला माझा हात धजला नसता. आजही धजला नसता.

पण बस्त्याचं ऐक. सगळं राहू दे. मानपान सुरतचं, आहेर सुरतचा, बॅगा-बूट सगळं सुरतचं. फक्त देवीची साडी आणि पुनमचा शालू, एवढे दोन नग आपल्याकडून. अर्ध्या तासाचं काम. मी लोकांना सांगू शकेन की शालू नवलाईचा आहे. याहून कमी मला मागता येत नाही.

अक्का

ता. क. मी नाक मुठीत धरून लिहिते आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. हसू नकोस.


जळगाव, ५ डिसेंबर

ललित,

पुनमने करून दाखवलं! ती सरळ सासूबाईंना म्हणाली म्हणे, "बस्ता कुठलाही असो, शालू माझ्या आत्याच्या हातचा." रविवारी, पंधरा तारखेला येताहेत. आणि दोन नगांसाठी नाही, म्हणे सगळंच बघू, पटलं तर सुरत रद्द.

फोन ठेवला आणि मी देवापुढे साखर ठेवली. मग दुकानात गेले, साडीच्या मजल्यावर उभी राहिले, आणि एकेक खोकं हलवून बघायला लागले. दाखवू काय? कपाटं भरलेली दिसतात, पण अर्ध्या खोक्यांत काही नाही. कपाट रिकामं दिसू द्यायचं नाही ही नानांची शिस्त, म्हणून मी रिकामी खोकी लावून ठेवली आहेत. शालू म्हणून काढावे असे चार-पाच, तेही दोन वर्षांपूर्वीचे. दोंडाईच्याचे लोक व्यापारी आहेत. ते कापडाला हात लावून वर्ष सांगतील.

म्हणून मी एक केलं आहे. तुला सांगते, कारण त्या दिवशी तुझ्या तोंडून काही निसटायला नको. इसाकभाईला मी रुपचंदकडे पाठवलं आणि जांगडवर माल मागितला. खपेल तो आपला, उरेल तो सोमवारी जसाच्या तसा त्याला परत. आयुष्यात नवलाईने कोणाकडून जांगड घेतलेला नाही, दिलेला आहे. रुपचंदच्या शोरूमच्या पहिल्या दिवाळीला नानांनीच त्याला अर्धा माल जांगडवर दिला होता. आठवतं ना, आपल्याकडे गादीवर होता तो, मिसरूड फुटायच्या आधीपासून?

मला वाटलं, तो हसेल. किंवा माल देईल आणि गावभर सांगेल. तो त्याच संध्याकाळी स्वतः आला. एवढी मोठी गाडी, दुकानाबाहेर लावायला जागा मिळेना. चपला बाहेर काढल्या आणि गादीच्या कडेला बसला. म्हणाला, "अक्का, लागेल तेवढा माल घ्या. पण एक अट आहे. मालाबरोबर मी येणार."

"कशाला?" मी विचारलं.

"गादीवर बसायला. शालू दाखवायला तुमच्याकडे माणूस कुठे आहे? इसाकभाईंच्या गुडघ्यानं आता बसवत नाही."

आता सांग, ललित, याचा मी काय अर्थ काढू? माझ्या डोक्यात भलतंसलतं येतं. तो गिऱ्हाईक बघायला येतोय का? मधेच "आमच्या शोरूमला या, तिथे जास्त व्हरायटी आहे" म्हणाला तर? दोंडाईच्याच्या बाईंनी त्याला ओळखलं तर? त्याचा फोटो तर रस्त्यावरच्या बोर्डावर आहे, पाच फुटांचा! मी त्याला हो म्हणाले, कारण नाही म्हणायची सोय नव्हती.

तू येणार की नाही हे पुनम सांगत नाही. "बाबांना काम आहे, बघू" म्हणते. मुलीच्या बस्त्याला बाप नसला तर लोक काय समजतील, याचा विचार कर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. येऊन बस फक्त.

अक्का


जळगाव, १३ डिसेंबर, शुक्रवार

ललित,

हे पत्र तुला रविवारच्या आधी मिळणार नाही, तरी लिहिते. लिहिलं की जीव जरा ठिकाणावर येतो.

जिन्याचा माणूस येऊन गेला. म्हणाला, याचा सुटा भाग आता कुठे बनतच नाही. लताबाईंना, म्हणजे पुनमच्या सासूबाईंना, गुडघ्यांचा त्रास आहे असं पुनम म्हणाली. साडीचा मजला पहिल्या माळ्यावर. म्हणजे गादी खाली आणावी लागणार, जिथे सध्या प्लॅस्टिकच्या बादल्या आणि बनियनं आहेत. इसाकभाई आणि मी सकाळपासून बादल्या वर नेतोय. त्याला गुडघा, मला कंबर. दोघांची वरात बघायला तू हवा होतास.

भरितासाठी वांगी बामणोदची सांगितली आहेत. पुऱ्या शेजारचा आचारी करतो. पांढऱ्या चादरी धुऊन आणल्या तर एकीवर गंजाचा डाग. उलटी घातली.

लताबाईंचा काल फोन आला होता. मी उभी राहूनच बोलले. त्या आपल्या अहिराणीत सरळ म्हणाल्या, "अक्का, आम्हनं बठ्ठं सुरतलेच व्हस. पन पोर आयकत नई. येतस आम्ही, दखाडा काय शे ते." 'दाखवा काय आहे ते' म्हणताना आवाजात राग नव्हता. तेच वाईट. रागावलेलं गिऱ्हाईक मला हाताळता येतं, हे दुसरं नाही येत.

त्यांना आवडलं नाही तर? गादीवरून उठून, "चला, सुरतलेच जाऊ" म्हणाल्या तर? तेही रुपचंदसमोर? पुनमने माझ्यासाठी सासूशी पहिला हट्ट केला आहे. माझं हसं झालं तर ते तिच्या संसारात जाईल. हे मला आधी सुचायला हवं होतं. आता सुचून काय उपयोग?

रुपचंदचा माल आज आला. एकेक नग मी स्वतः खाली, गादीमागच्या कपाटात लावला. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही साडी गादीवर जाणार नाही, एवढी काळजी मी घेतली आहे.

तू ये.

अक्का


जळगाव, १७ डिसेंबर

ललित,

तू होतास, तरी लिहिते. तू आत आलास, दारापाशी त्या साड्यांच्या पुतळ्यांजवळची खुर्ची घेतलीस आणि तोंड तिकडे करून बसलास. मी विचारलं, "पाणी घेतोस?" तू म्हणालास, "घेतलं." आठ वर्षांत एवढंच. म्हणून मागे गादीवर काय झालं ते माझ्याकडून ऐक.

रुपचंद अनवाणी आला. साधा पांढरा शर्ट घालून आला, हातातल्या अंगठ्या काढून आला. गादीवर मांडी घालून बसला आणि मला म्हणाला, "अक्का, कुठून सुरुवात करू?" मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "रुपचंद, आधी देवीची काढ. आणि पंखा त्यांच्याकडे वळव, दिसत नाही का घाम आलाय?" लगबगीने उठून त्याने पंखा वळवला. लताबाईंनी त्याला ओळखलंच. त्या पुनमच्या कानाशी म्हणाल्या, पण मला ऐकू आलं, "हाऊ तं बोर्डवरला माणूस शे ना?" पुनम म्हणाली, "तो इथलाच आहे, आई." त्यावर त्या माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघायला लागल्या.

देवीची साडी लगेच झाली. मग शालू. इथे माझा जीव टांगणीला लागला. रुपचंदने काढावा आणि लताबाईंनी बोटाने कडेला सारावा. हा फिका, तो भडक, याचा काठ बारीक. रुपचंदचा माल चांगला, पण त्यांनी तो सगळा सुरतला पाहिलेला! ढीग वाढत गेला. त्यांच्याबरोबरच्या बाया घड्याळ बघायला लागल्या. लताबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला, उठायला म्हणून, आणि मी काय करावं न सुचून मागच्या कपाटात हात घातला आणि हाताला लागलं ते खोकं ओढलं.

डाळिंबी पैठणी. अंगभर बारीक बुट्टे, पदरावर मोर, आणि मोरांच्या माना अशा की हलतील. मी ती उघडली आणि माझा हात तिथेच थांबला. ललित, ती माझी नव्हती. रुपचंदचीही नव्हती. कपाट मी लावलं होतं. माझ्या नजरेखालून ती गेलेली नव्हती.

लताबाईंनी पदर हातात घेतला, उजेडाकडे धरला. म्हणाल्या, "हाई बेस शे. इतला येळ काय करी राहिंतात, हाई पहिलेच काढनी व्हती ना!" पुनमचे डोळे भरून आले. मग त्यांनी विचारलं, "केवढाले?"

किंमत! मला किंमत माहीत नव्हती. आयुष्यभर दुकान चालवलं आणि हातातल्या नगाची किंमत सांगता येईना. रुपचंद माझ्याकडे बघतोय, मी रुपचंदकडे. आणि दारातून तुझा आवाज आला, तोंड पुतळ्यांकडेच: "शालूची किंमत विचारू नका, ताई. तो आत्याचा आहेर आहे."

त्यानंतर पुढचं सगळं तुझ्यासमोरच झालं. सुरत रद्द. मानपान, आहेर, सगळं आपल्याकडून. जेवताना लताबाईंनी भरीत दोनदा मागून घेतलं. बस्ता बांधला, मी कुंकू लावलं. तू उठून गेलास.

सोमवारी मी इसाकभाईला पकडलं. आधी तो शर्टाची बटणं बघत राहिला. मग म्हणाला, "ललितभाऊंनी येवल्याला जाऊन आणली. शनिवारी मला देऊन गेले. बोलले, अक्काला सांगू नका, मागच्या कपाटात ठेवा, बाकीचं काही जमलं नाही तर तिच्या हाताला लागेल असं." आणि मग तो हेही बोलला की तू त्याला महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतोस. किती वर्षं झाली, विचारलं तर म्हणाला, "पहिल्यापासून."

म्हणजे तिसरा मजला बंद आहे हे मी लिहायच्या आधीच तुला माहीत होतं. खोकी रिकामी आहेत हे माहीत होतं. दिवाळीचं मी लिहिलं ते वाचताना तू काय म्हणाला असशील!

मला राग आला, ललित. फार राग आला. मला वाटलं, सगळ्यांनी मिळून मला लहान मुलीसारखं खेळवलं. रुपचंदने माल दिला, तू शालू दिलास, पुनमने सासू आणली, इसाकभाईने तोंड बंद ठेवलं, आणि मी मधे मालकीण म्हणून हुकूम सोडत होते. मग वर गेले, बंद मजल्यावर, आणि खूप रडले. खाली आले तर इसाकभाईने चहा मागवून ठेवला होता. त्याचेही डोळे लाल होते, पण तो म्हणे धुळीने.

तुला आभार म्हणणार नाही. तुला ते आवडणार नाही आणि मला जमणार नाही.

मी आजवर किती बस्ते बांधले, त्यात माझा बांधायचा राहून गेला. त्याचं कधी फारसं वाटलं नव्हतं. परवा ती पैठणी पुनमच्या खांद्यावर टाकली आणि तू म्हणालास "आत्याचा आहेर," तेव्हा वाटलं की मीही कोणाची तरी आहे.

अक्का


जळगाव, ९ जानेवारी २०२५

ललित,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी, पण मिळाली. नानांसारखंच अक्षर झालंय तुझं.

बस्त्याचं नाव झालं बरं का. लताबाईंनी सगळ्या दोंडाईच्यात सांगितलं. परवा सोनगीरचं एक कुटुंब आलं. नवरीकडचे, नवरदेवाकडचे, दोन गाड्या भरून माणसं. दारातच म्हणाले, "आमचाबी बस्ता तुमना कडेच."

इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते. आणि आत कपाटात काही नव्हतं. रुपचंदचा उरलेला माल दुसऱ्याच दिवशी परत गेला होता. एकदा वाटलं, पुन्हा इसाकभाईला रिक्षात बसवावं, पुन्हा जांगड, पुन्हा चादरी. चार वाजेपर्यंत थांबा म्हणावं. त्या घोळक्यातली नवरी मुलगी एवढ्या विश्वासाने माझ्याकडे बघत होती की माझ्याने होईना. मी म्हणाले, "चला, तुम्हाला जागा दाखवते." आणि सगळ्यांना घेऊन, वरातीसारखं, भर बाजारातून रुपचंदच्या शोरूमला चालत गेले. लोक बघत होते. मला वाटलं होतं, जमीन दुभंगेल. काही दुभंगली नाही.

रुपचंदने त्यांना बसवलं, आणि मग माझ्याकडे वळला. "अक्का, पुनमच्या लग्नाला तुम्ही काय नेसणार?" मी म्हणाले, बघू. तो ऐकेना. मला गादीसमोर बसवलं आणि त्याचा माणूस साड्या उघडायला लागला.

ललित, मी आजवर कधी कुठल्या दुकानात साडी घ्यायला बसले नव्हते. लागली की आपल्या कपाटातून काढायची. त्या माणसाने पहिली साडी उघडली, मी बघितली, आणि घडी घालून बाजूला ठेवली. दुसरी उघडली, तिचीही घातली. तो उघडतोय आणि मी घडी घालतेय. तो बिचारा कावराबावरा झाला, त्याला वाटलं मी चिडले. रुपचंद हळूच म्हणाला, "अक्का, राहू द्या. तुम्ही आता गिऱ्हाईक." मी हात मांडीवर ठेवले. पण पुढची साडी उघडली तसे हात आपोआप गेलेच. ती मला आवडली की नाही, मला कळेना. कोणाला शोभेल ते लगेच दिसत होतं, तिथे बसलेल्या प्रत्येकीला. मला काय शोभतं तेवढं येत नव्हतं. मी उठले, पाणीही न पिता घरी आले, पिंप्राळ्यापर्यंत रिक्षात नुसती बाहेर बघत बसले.

आता कामाचं. बारावीच्या क्लासवाल्यांना इमारत हवी आहे. गेल्या वर्षी आले होते, मी पायरीही चढू दिली नव्हती. त्यांना मी हो सांगितलं. सरकता जिना काढणार म्हणतात. काढू देत. इसाकभाईला रुपचंदने बोलावलंय, खुर्चीवर बसून काम करायचं या अटीवर. त्याने दोन दिवस आढेवेढे घेतले आणि नवीन शर्ट शिवायला टाकला. कागदांवर तुझीही सही लागेल.

तर रविवारी ये. सकाळी सह्या करू. दिपमालाला आणलंस तर बरं, नाही आणलंस तरी चालेल, जेवण मी करते. आणि जेवून झालं की मला साडी घ्यायला घेऊन चल. रुपचंदकडे नको, तिथे सगळे मला ओळखतात. दुसरीकडे कुठे. त्या पैठणीसारखी तूच एखादी निवड आणि मला "ही घे" म्हण. मी घडी घालायला लागले तर हात धर.

एकटीने जायची मला भीती वाटते.

अक्का